रोमनगरीत उतरावे कुठे?

रोमच्या यात्रेला निघणाऱ्या भाविकाला आपण तेथे काय पाहणार, हे बहुधा पाठ असते. उतरणार कुठे, हे मात्र तो दुसऱ्या कुणावर तरी सोपवून मोकळा होतो. ख्रिस्तसभेच्या इतिहासात हा प्रश्न इतका गौण कधीच नव्हता. समुद्रापलीकडून आलेल्या परक्या माणसाने त्या अफाट नगरीत कोणत्या दारी पाठ टेकावी, या एका चिंतेपायी रोममध्ये रुग्णालये उभी राहिली, पूल बांधले गेले, विद्यालये निघाली, ग्रंथ छापले गेले. त्या इतिहासाचा थोडा मागोवा घेण्याचा आमचा मानस आहे. पुढील यात्रेची आखणी करणाऱ्यांना त्यातून काही हाती लागले, तर हा खटाटोप सार्थकी लागला असे आम्ही समजू.

आरंभ संत पौलापासूनच केला पाहिजे. प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटच्या अध्यायात लूकने त्याच्या आगमनाची हकीकत दिली आहे. पुत्युली बंदरात जहाजातून उतरल्यावर पौल तेथील बंधुजनांकडे सात दिवस राहिला. तो येत असल्याची वार्ता रोमला पोहोचताच तेथील काही ख्रिस्ती त्याच्या भेटीसाठी अप्पियाच्या पेठेपर्यंत, म्हणजे साठ किलोमीटरहून अधिक अंतर तुडवत, सामोरे गेले. त्यांना पाहून पौलाला धीर आला, असे लूक सांगतो. तो बंदिवान होता. पहाऱ्यावर शिपाई होता. तरीही स्वतःच्या खर्चाने भाड्याचे घर घेऊन तो दोन वर्षे राहिला आणि येईल त्याचे स्वागत करीत गेला. रोममध्ये पाहुणा म्हणून आलेला माणूस तेथेच यजमान झाला. पुढील एकोणीस शतकांत हेच चित्र निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा दिसते.

प्राचीन रोमची वस्ती ऐन भरात दहा लाखांच्या आसपास होती, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. सम्राट ऑरेलियनने तिसऱ्या शतकात बांधलेला तट सुमारे १९ किलोमीटर लांबीचा आहे. साम्राज्य कोसळल्यावर वस्ती ओसरली आणि तटाच्या आत शेते, द्राक्षमळे आणि पडकी मंदिरे उरली. यात्रेकरूंची ओढ मात्र मुळातच तटाबाहेरच्या स्थळांकडे होती, कारण हुतात्म्यांना मूठमाती दिली गेली ती नगराच्या वेशीबाहेर. संत पेत्राची कबर टायबरच्या पलीकडे, संत पौलाची ओस्तियाच्या वाटेवर तटापासून दोन किलोमीटरवर, तर संत लॉरेन्सची पूर्वेच्या वाटेवर. नगरात उतरावे तर कबरी दूर, कबरीजवळ उतरावे तर डोक्यावर छप्पर नाही, अशी परक्याची कोंडी होत असे. पोप सिमाकस (४९८–५१४) यांनी पेत्र, पौल आणि लॉरेन्स या तिन्ही संतांच्या मंदिरांपाशी गोरगरिबांसाठी निवारे बांधले, अशी नोंद पोपांच्या प्राचीन चरित्रग्रंथात आहे. यात्रेकरूची सोय त्याच्या इष्टस्थळाशीच झाली पाहिजे, हे सूत्र त्या काळीच रुजले.

पुढे आल्प्सपलीकडचे आणि समुद्रापलीकडचे नवख्रिस्ती लोक येऊ लागले. आठव्या शतकात संत पेत्राच्या मंदिराभोवती सॅक्सन, फ्रिसियन, फ्रँक आणि लोंबार्ड या चार लोकांच्या वसाहती वसल्या. त्यांना ‘स्कोला’ म्हणत. त्या शब्दाचा येथे अर्थ शाळा असा नसून मंडळी किंवा संघ असा आहे. पंढरीत प्रत्येक दिंडीचा आपला मठ असतो, तसाच हा प्रकार होता. प्रत्येक स्कोलेचे मंदिर निराळे, दफनभूमी निराळी, आणि दारात आपली भाषा बोलणारा माणूस उभा. सॅक्सनांची वसाहत वेसेक्सच्या इने राजाने वसवली, असे परंपरा सांगते. इने ७२६ साली सिंहासन सोडून रोमला गेला आणि तेथेच वारला. ७९९ साली पोप लिओ तिसरे परागंदा होऊन परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताला नगरवासीयांबरोबर या चारही स्कोला बाहेर पडल्या होत्या. ८४६ साली सारासेनांनी टायबरच्या मुखाकडून चाल केली, तेव्हा हे परदेशी यात्रेकरूच शस्त्रे घेऊन सामोरे गेले आणि त्यांतील अनेक पडले. त्यानंतर पोप लिओ चौथे यांनी या वस्तीभोवती तट बांधला. तो ८५२ साली पुरा झाला.

या वसाहतीची खूण अजून पुसलेली नाही. सॅक्सन लोक आपल्या वस्तीला ‘बुर्ग’ म्हणत, त्यावरून तो भाग ‘बोर्गो’ झाला. पोप इनोसंट तिसरे यांनी सॅक्सन वसाहतीच्या जागी रुग्णालय उभारले आणि १२०४ साली ते माँपेलिएच्या गी या सेवाव्रतीच्या हाती दिले. शेजारच्या मंदिराचे नाव ‘सांतो स्पिरितो इन सासिया’, म्हणजे सॅक्सनांच्या वस्तीतील पवित्र आत्म्याचे मंदिर. दैवी दयेच्या भक्तीसाठी आमच्याकडील कितीतरी भाविक आज या मंदिरात जाऊन येतात. आपण बाराशे वर्षांपूर्वीच्या परदेशी यात्रेकरूंच्या अंगणात गुडघे टेकले, याची जाणीव त्यांतील थोड्यांनाच असते.

पोप बोनिफेस आठवे यांनी २२ फेब्रुवारी १३०० रोजी पहिले ज्युबिली वर्ष जाहीर केले. त्या आज्ञापत्रातील एक अट आमच्या विषयाला विशेष लागू आहे. पूर्ण दंडक्षमेसाठी रोमच्या रहिवाशांनी पेत्र आणि पौल यांच्या मंदिरांना तीस दिवस भेट द्यावी, परगावच्यांनी पंधरा दिवस. बाहेरून आलेल्याला निम्मी सूट मिळाली खरी, तरी पंधरा दिवस रोममध्ये राहणे त्याला भाग होते. नगराची लोकसंख्या त्या काळी पन्नास हजारांच्याही आत होती. इतिवृत्तकार व्हिल्लानी त्या वर्षी कोणत्याही वेळी दोन लाख यात्रेकरू नगरात असत, असे लिहितो. आकडा फुगवलेला असला, तरी गर्दीची कल्पना त्यावरून येते. सांतांजेलो पुलावर येणाऱ्यांची आणि जाणाऱ्यांची रांग वेगळी काढावी लागली होती; कवी दांतेने या व्यवस्थेचा दृष्टान्त आपल्या नरकवर्णनात वापरला आहे.

तोच पूल दीडशे वर्षांनी काळ ठरला. बहुतेक खाणावळी आणि यात्रीघरे आता नदीच्या अलीकडे, कांपो दे फ्योरीच्या परिसरात होती. संत पेत्राचे मंदिर पलीकडे. दोहोंना जोडणारा जवळचा मार्ग हाच एक पूल होता. १९ डिसेंबर १४५० रोजी संध्याकाळी मंदिराकडून परतणारा जनसमुदाय पुलावर कोंडला. चेंगराचेंगरीत आणि नदीत पडून दीडशेहून अधिक माणसे दगावली. पोप निकोलस पाचवे यांनी मृतांच्या स्मरणार्थ पुलाच्या तोंडाशी दोन लहान प्रार्थनामंदिरे बांधली. सिक्स्टस चौथे यांनी १४७५ च्या ज्युबिलीच्या निमित्ताने खालच्या अंगाला नवा पूल उभारला; तो आजही त्यांच्याच नावाने, ‘पोंते सिस्तो’ म्हणून, ओळखला जातो. माणसे कुठे झोपतात आणि कुठे प्रार्थनेला जातात, याचा मेळ बसला नाही तर काय होते, हे रोम त्या संध्याकाळी शिकले.

चौदाव्या आणि पंधराव्या शतकांत स्कोलांची परंपरा राष्ट्रीय यात्रीघरांच्या रूपाने पुन्हा जिवंत झाली. १३५० च्या ज्युबिलीसाठी स्वीडनची ब्रिजिता १३४९ साली रोमला आली आणि १३७३ साली मरेपर्यंत तेथेच राहिली. ती ज्या घरात राहिली, तेथे पुढे स्वीडिश यात्रेकरू उतरू लागले. पियात्सा फार्नेसेवरील त्या वास्तूत ब्रिजिताच्या संघाच्या धर्मभगिनी आजही पाहुण्यांना ठेवून घेतात. जवळच व्हिया दि मोन्सेरातोवर १३६२ साली रोममधील इंग्रजांनी एक घर विकत घेतले. विकणारा जॉन शेपर्ड हा जपमाळा विकून पोट भरणारा साधा माणूस. घर विकून तो आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस तेथेच यात्रेकरूंच्या सेवेसाठी राहिले. पुढे १५७९ साली त्याच वास्तूत इंग्लिश कॉलेज स्थापन झाले आणि तेथे शिकलेल्या चाळीसहून अधिक जणांनी मायदेशी परतून श्रद्धेसाठी प्राण दिले. जर्मनांचे सांता मारिया देल्ल’आनिमा, पोर्तुगीजांचे संत अंतोन ही मंदिरेही अशाच यात्रीघरांतून वाढली.

यांत इथिओपियाच्या मठवासीयांची गोष्ट आम्हांस सर्वांत बोलकी वाटते. त्यांच्यासाठी सिक्स्टस चौथे यांनी १४७९ साली संत पेत्राच्या मंदिरामागील संत स्तेफनचे प्राचीन मंदिर दिले. युरोपात परके दिसणारे, परकी भाषा बोलणारे हे आफ्रिकी संन्यासी थेट प्रेषिताच्या कबरीच्या सावलीत राहू लागले. त्यांतील तस्फा सियोन यांनी १५४८–४९ साली गीझ भाषेतील नवा करार रोममध्ये छापला. उतरायला स्वतःचे घर मिळाले, म्हणून हा ग्रंथ निघू शकला. त्या घराऐवजी कुणा सरायवाल्याच्या माळ्यावर दिवस काढावे लागते, तर हे घडते काय, याचा विचार करावा.

याच सुमारास आमच्या भूमीशी ज्याचे नाव कायमचे जडले, तो पुरुष रोमच्या रस्त्यांवर निवाऱ्याचे काम करीत होता. १५३८–३९ च्या हिवाळ्यात रोममध्ये दुष्काळ आणि कडाका एकदम आले. इग्नेशियस लोयोला आणि त्याचे सोबती नुकतेच एका मोठ्या घरात भाड्याने उतरले होते. त्यांनी रस्त्यावर कुडकुडणाऱ्यांना उचलून त्या घरात आणले. एकाच वेळी तीनशेपर्यंत माणसे तेथे निजत. फ्रान्सिस झेवियर या सोबत्यांपैकी एक. मार्च १५४० मध्ये त्याने रोम सोडले; पुढे तो गोव्यात आणि वसईतही आला. परदेशी विद्यार्थ्यांचे भाड्याचे बिऱ्हाड नगरातील बेघरांचे आश्रयस्थान झाले होते. पौलाच्या घराची ती पुनरावृत्तीच होय.

संत फिलिप नेरी यांनी या कार्याला संस्थेचे रूप दिले. १५४८ साली त्यांनी आपले पापनिवेदक पर्सियानो रोझा यांच्यासह पवित्र त्रैक्याच्या नावाने एक बंधुसंघ काढला आणि १५५० च्या ज्युबिलीत त्याने दरिद्री यात्रेकरूंना ठेवून घेण्यास प्रारंभ केला. दूरवरून चालत आलेल्याचे पाय धुणे, त्याला ताटावर बसवून वाढणे, रात्री बिछाना देणे, ही कामे कार्डिनल आणि उमराव स्वतः करीत. १५७५ च्या ज्युबिलीत या संघाने लाखाहून अधिक यात्रेकरूंचा पाहुणचार केला. स्वतः फिलिप मूळचे फ्लॉरेन्सचे. तरुणपणी रिकाम्या हाताने रोमला आलेले. परकेपणाची चव त्यांनी घेतली होती.

ज्याच्या कनवटीला पैसे होते, त्याला अर्थातच निवड होती. फ्रेंच लेखक माँतेन नोव्हेंबर १५८० च्या अखेरीस रोमला पोहोचला. प्रसिद्ध ‘ओर्सो’ सरायमध्ये दोन दिवस काढून त्याने जवळच्या गल्लीत सजवलेल्या खोल्या भाड्याने घेतल्या. त्याची तक्रार मात्र वेगळीच होती: रस्त्यात भेटणारा जो तो आपल्याला आपल्याच भाषेत नमस्कार करतो, इतके फ्रेंच लोक येथे आहेत! आपल्या माणसांत उतरल्याने धीर मिळतो, तसा परक्या नगराशी आड पडदाही पडतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आपल्याच माणसांचे दार आपल्याला नेहमी उघडे असेल, असेही नाही. गोव्याच्या दिवाडी बेटावरील मातेयुस द कास्त्रो यांना एतद्देशीय म्हणून गुरुदीक्षा नाकारली गेली, तेव्हा ते खुष्कीच्या मार्गाने इराण, पवित्र भूमी असा प्रवास करीत १६२५ साली रोमला पोहोचले. ते ज्युबिलीचे वर्ष होते. पोर्तुगीज प्रजाजनांसाठी रोममध्ये यात्रीघर होते. परंतु कास्त्रोंचे गाऱ्हाणे पोर्तुगीज व्यवस्थेविरुद्धच होते. त्यांनी दाद मागितली ती तीन वर्षांपूर्वी, १६२२ साली, स्थापन झालेल्या प्रोपागांडा फीदे या धर्मप्रसार परिषदेकडे. तिच्या छत्राखाली ते शिकले, गुरुदीक्षित झाले आणि १६३७ साली बिशप झाले. लॅटिन रीतीचे ते पहिले भारतीय बिशप. दूर देशांतील तरुणांसाठी पोप अर्बन आठवे यांनी १६२७ साली उर्बान कॉलेज काढले. गोऱ्यांखेरीज इतरांनाही रोममध्ये हक्काची खोली मिळण्याची ती मोठी सुरुवात होती.

या छपरालाही मर्यादा होत्या. केरळचे जोसेफ कारियाट्टिल हे त्याच कॉलेजात शिकलेले. १७७८ साली पारेम्माक्कल थोमा कथनार यांच्यासह ते आपल्या समाजाचे गाऱ्हाणे घेऊन निघाले आणि ब्राझील, लिस्बन अशी समुद्रयात्रा करून १७८० साली रोमला पोहोचले. तेथे झालेल्या थंड्या स्वागताची हकीकत पारेम्माक्कल यांनी ‘वर्तमानप्पुस्तकम्’ या मल्याळम प्रवासग्रंथात नोंदवली आहे. कारियाट्टिल आर्चबिशप होऊन परतले. पण १७८६ साली गोव्यात पोहोचल्यावर तेथेच मृत्यू पावले. खोली मिळणे आणि घर मिळणे यांत अंतर असते, हे त्या ग्रंथाच्या पानापानांतून कळते. त्याच वर्षांत बेनेडिक्ट जोसेफ लाब्रे नावाचा फ्रेंच भिक्षेकरी यात्रेकरू कलोसियमच्या पडक्या कमानीखाली रात्री काढीत होता. १६ एप्रिल १७८३ रोजी तो एका खाटकाच्या घरी वारला, कारण मंदिराच्या पायरीवर कोसळल्यावर त्याला उचलून घरी नेणारा तोच निघाला. ख्रिस्तसभेने १८८१ साली त्याला संतपद दिले.

आता आजच्या रोमकडे वळू. १८७० नंतर रोम इटलीची राजधानी झाले. आगगाडीने येणाऱ्यांसाठी तेर्मिनी स्थानकाभोवती हॉटेलांची दाट वस्ती उठली आणि यात्रेकरू कबरींपासून दुरावला. १९३६ ते १९५० या काळात बोर्गोच्या मधोमध असलेली जुनी घरे पाडून व्हिया देल्ला कोंचिलियात्सिओने हा रुंद रस्ता काढण्यात आला. मंदिराचे दर्शन दुरून होऊ लागले. पण पिढ्यान्‌पिढ्या तेथे नांदलेली कुटुंबे उठून नगराच्या कडेला गेली. आज रोमची लोकसंख्या साडेसत्तावीस लाखांच्या आसपास आहे आणि पालिकेचे क्षेत्र सुमारे १,२८५ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या दुपटीहून अधिक. भोवतीचा वर्तुळाकार महामार्गच ६८ किलोमीटरचा आहे.

आमच्याकडील यात्रासंघ बहुधा या वर्तुळाच्या आसपास किंवा बाहेर उतरवले जातात. आठ-दहा दिवसांत चार-पाच देश. रोमच्या वाट्याला दोन रात्री. सकाळी बसमध्ये चढायचे, तासभर वाहतुकीत अडकायचे, दुपारपर्यंत दोन महामंदिरे, सायंकाळी पुन्हा बस. बोनिफेस यांच्या पंधरा दिवसांशी हे ताडून पाहावे. कबरीपाशी दुसऱ्यांदा जाण्याची, पहाटेच्या मिस्सेला एकट्याने चालत जाण्याची, काल पाहिलेले आज मनात घोळवण्याची संधीच उरत नाही. आयोजकांची बाजूही आम्ही जाणतो. दूरचे हॉटेल स्वस्त पडते, बस दारात उभी राहते, वृद्धांना उद्‌वाहन मिळते. जन्मभर पै-पै साठवून निघालेल्या शेतकरी दांपत्याला खर्चाचा विचार करू नका, असे कोण सांगेल?

तरीही इतिहासाच्या अनुभवावरून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, देश कमी करावे, रोमच्या रात्री वाढवाव्या. दुसरी, धर्मभगिनींच्या आणि मठवासीयांच्या यात्रीनिवासांची आधीपासून चौकशी करावी. अशी निवासस्थाने रोममध्ये पुष्कळ आहेत. खोल्या साध्या, रात्री दार ठरल्या वेळी बंद. पण बहुतेक ठिकाणी घरातच प्रार्थनामंदिर असते आणि अनेकदा महामंदिर पायी अंतरावर. तिसरी, दूर उतरणे अटळ असेल तर तेथील धर्मग्राम गाठावे. रोमचा ख्रिस्ती माणूस आज बहुतांशी त्याच उपनगरांत राहतो. २०२५ च्या ज्युबिलीत ऑगस्टच्या आरंभी सुमारे दहा लाख तरुण तोर व्हेरगाता या उपनगरी माळावर जमले, तेव्हा त्यांतील कितीतरी जणांनी आधीच्या रात्री धर्मग्रामांच्या सभागृहांत आणि शाळांच्या वर्गांत जमिनीवर पथाऱ्या टाकून काढल्या होत्या. त्यांना रोम भेटले नाही, असे कोण म्हणेल? अंतरापेक्षा अनोळखीपण अधिक दूर नेते.

मुक्कामाची निवड किती बोलकी असते, हे पोप फ्रान्सिस यांनी दाखवून दिले. १३ मार्च २०१३ रोजी निवड झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ते व्हिया देल्ला स्क्रोफावरील धर्मगुरुनिवासात गेले, स्वतःचे सामान उचलले आणि खोलीचे भाडे चुकते केले. पुढे प्रासादातील दालने सोडून त्यांनी सांता मार्ता हे पाहुणेघरच निवडले आणि २१ एप्रिल २०२५ रोजी मृत्यूपर्यंत ते तेथेच राहिले. ती वास्तू १९९६ सालची. पण तिच्या जागी १८९१ साली लिओ तेरावे यांनी पटकीच्या भीतीमुळे बांधलेला रुग्णाश्रम होता, आणि दुसऱ्या महायुद्धात तेथे निर्वासितांना थारा मिळाला होता. आपल्याला माणसांत राहण्याची गरज आहे, एवढेच कारण त्यांनी सांगितले. अर्जेंटिनाहून आलेला पाहुणा अखेरपर्यंत पाहुणेघरात राहिला आणि सगळ्या जगाचा यजमान झाला.

१९३३ आणि १९८३ साली प्रभूच्या तारणकार्याच्या स्मरणार्थ विशेष ज्युबिली पाळण्यात आल्या. २०३३ साली, परंपरेच्या गणनेप्रमाणे, त्याच्या मरणाला आणि पुनरुत्थानाला दोन हजार वर्षे पूर्ण होतील. वसईपासून गोव्यापर्यंतच्या धर्मग्रामांतून पुन्हा संघ निघतील. त्यांच्या आयोजकांनी भाड्याचा तक्ता मांडण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: आम्ही जेथे उतरणार आहोत, तेथून संत पेत्राच्या कबरीपाशी पहाटे चालत जाता येईल काय, आणि न आल्यास तेथे आम्हांला नावाने ओळखणारी एखादी मंडळी असेल काय? दरम्यान, रोमला न जाणाऱ्या आम्हां सर्वांपुढेही काम आहेच. आमच्या वाढत्या नगरांत रोजगारासाठी, उपचारांसाठी, शिक्षणासाठी दूरदूरची माणसे येत आहेत. आमच्या मंदिरांच्या आवारांत सभागृहे आहेत, आणि त्यांतील कित्येक वर्षाचे बरेच दिवस कुलूपबंद असतात. जपमाळा विकणाऱ्या शेपर्ड दांपत्याकडे एकच घर होते.